टपालांतील तबकडी आणि परवानगीचें राज्य

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण माणसाच्या कृतघ्नपणास उद्देशून झालेली आहे. परंतु सोयींच्या व साधनांच्या बाबतींत ती जितकी लागू पडते तितकी वैद्यांच्या बाबतींतहि पडत नसेल. नवी सोय दाराशीं आली कीं जुनीस आपण हंसतों, आणि ती केवळ जुनी होती म्हणूनच गेली असें मानून मोकळे होतों. तिच्याबरोबर दुसरें कांहीं गेलें काय, हें पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं. २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २९ व्या तारखेस अमेरिकेंत ‘नेटफ्लिक्स’ कंपनीनें डीव्हीडीचें आपलें शेवटचें तांबडें पाकीट टपालांत टाकलें, आणि पंचवीस वर्षें चाललेला एक व्यवहार संपला. या गोष्टीविषयीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळींशीं बोलूं जावें तर एकच उत्तर मिळतें: टपालानें चित्रपट भाड्यानें आणणें ही स्ट्रीमिंगच्या माडीवर चढण्याची ओबडधोबड शिडी होती, माडी आली, आतां शिडी पाडली म्हणून बिघडलें काय? आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. शिडी आपल्या मालकीची होती आणि माडी दुसऱ्याची आहे, एवढा एकच भेद या मंडळींच्या ध्यानांत आलेला नाहीं. आणि सारी गोम त्या एका भेदांतच आहे.

व्यवहाराचें स्वरूप प्रथम सांगितलें पाहिजे, कारण आपल्याकडील पुष्कळ वाचकांनीं तीं पाकिटें पाहिलेलीं नसतील. १९९७ सालीं रीड हेस्टिंग्ज व मार्क रँडॉल्फ या दोघांनीं कॅलिफोर्नियांत ही कंपनी काढली, आणि १९९८ च्या एप्रिलांत इंटरनेटवर तिचें दुकान उघडलें. त्या वेळीं तिच्यापाशीं सुमारें ९०० चित्रपट होते. त्यापूर्वींची व्हिडिओ कॅसेट जाडजूड व जड. ती टपालानें पाठवावयाची तर मिळणारें भाडें हशिलांतच खर्ची पडावयाचें. डीव्हीडीची तबकडी मात्र १२ सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरहि जाडी नसलेली आणि अवघ्या १५-१६ ग्रॅम वजनाची. ती साध्या पत्राप्रमाणें देशाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जाऊं शकत असे. १९९९ पासून महिन्याच्या वर्गणीची पद्धत सुरू झाली. वर्गणीदारानें आपल्या आवडीच्या चित्रपटांची यादी करून ठेवावी, ठरलेल्या संख्येइतक्या तबकड्या घरीं याव्यात, आणि एक परत धाडली कीं यादींतली पुढची निघावी. परतीचें हशील कंपनीचें. मुदत नाहीं, उशिराचा दंडहि नाहीं. २००७ च्या फेब्रुवारींत अशा रीतीनें पाठविलेल्या तबकड्यांची संख्या १०० कोटींवर गेली, आणि दुकान बंद होईपर्यंत ती ५२० कोटींच्या वर पोंचली. इतक्या कोटी वेळां जी गोष्ट लोकांनीं आपण होऊन केली ती निव्वळ वेडगळ असूं शकत नाहीं, इतकें तरी प्रतिपक्षानें मान्य करावें.

या पद्धतीचे गुण कोणते? पहिला गुण समतेचा. गल्लीच्या कोपऱ्यावरील दुकानास जागा थोडी. तेथें जें नवें व गाजलेलें तेवढेंच फळीवर राहावयाचें. टपालाच्या दुकानास फळीची मर्यादा नव्हती. ऐन भरांत असतां या कंपनीच्या यादींत लाखावर चित्रपट होते. मोठ्या शहरांतील प्राध्यापकास जी जपानी, फ्रेंच किंवा बंगाली कलाकृति मिळे तीच, त्याच दरानें, मोंटानाच्या माळरानावरील गुराख्यासहि मिळे. कारण टपाल हें खाजगी कृपेनें चालणारें खातें नसून, प्रत्येक दारापर्यंत एकाच दरानें जाण्यास बांधलेली ती सार्वजनिक सेवा आहे. दुसरा गुण म्हणजे ग्राहकाच्या विस्मरणावर श्रीमंत होण्याचा जुना धंदा या पद्धतीनें मोडला. उशिराच्या दंडावर पोसलेल्या मोठमोठ्या भाडे-दुकानांना तिनें घाम फोडला. त्यांपैकीं सर्वांत मोठें जें ‘ब्लॉकबस्टर’ त्यास २०१० च्या सप्टेंबरांत दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. तिसरा गुण निवडीचा. काय पाहावयाचें हें थकल्या संध्याकाळीं नव्हे, तर चार दिवस आधीं शांत डोक्यानें ठरवावें लागे. वाचनालयांतून घरीं आणलेलें पुस्तक आणि रेल्वेच्या फलाटावर हातीं लागलेलें मासिक यांत जो भेद, तोच येथें होता.

आतां दोषांकडे वळूं. दोष झांकून गुण गाणें हें भाटाचें काम आहे, आणि भाटगिरीनें कोणताहि पक्ष बळकट होत नाहीं.

पहिला दोष विलंबाचा. आज वाटलें आणि आजच पाहिलें, हें टपालानें कधींच साधत नसे. वर मनुष्यस्वभाव असा कीं, यादी करतांना आपण जितके थोर असतों तितके पाकीट फोडतांना नसतों. तीन तासांची गंभीर शोकांतिका मोठ्या उत्साहानें मागवावी, आणि ती आल्यावर तीन आठवडे टेबलावर धूळ खात पडावी! दुसरा दोष तबकडीच्या नाजूकपणाचा: ती चरे पडून निकामी होई, फुटे, गहाळ होई. तिसरा दोष व्यापाऱ्याच्या शब्दांतला. वर्गणी ‘अमर्याद’ म्हणून विकली जाई. पण जो वर्गणीदार झपाट्यानें पाहून झपाट्यानें परत करी, त्याचें पुढचें पाकीट मागें ठेवून सावकाश पाहणारास अग्रक्रम दिला जाई. २००४ सालीं या प्रकरणीं दावा झाला, आणि पुढें कंपनीस आपल्या अटींत ही गोष्ट उघड लिहावी लागली. चौथा दोष सार्वजनिक खर्चाचा. तीं परतीचीं पाकिटें टपालखात्याच्या यंत्रांत नीट बसत नसत. म्हणून तीं पुष्कळशीं हातानें निवडावीं लागत. त्या खात्याच्याच महानिरीक्षकांच्या कार्यालयानें २००७ च्या अहवालांत दोन वर्षांच्या या जादा मजुरीचा आंकडा ४ कोटी १९ लक्ष डॉलर दिला होता. पांचवा दोष अधिक सूक्ष्म आहे. कोणी काय पाहिलें आणि त्यास किती गुण दिले याची वही कंपनीपाशीं साठत गेली. २००६ सालीं तिनें नांवें वगळून सुमारें दहा कोटी मतांची ही वही दहा लक्ष डॉलरांच्या एका स्पर्धेसाठीं खुली केली. तेव्हां टेक्सास विद्यापीठांतील दोघां संशोधकांनीं असें सिद्ध केलें कीं, नांवें पुसलीं तरी इतरत्र प्रसिद्ध झालेल्या मतांशीं पडताळून त्यांतील कांहीं माणसें ओळखतां येतात. याच कारणानें २०१० सालीं दुसरी नियोजित स्पर्धा रद्द झाली.

हे सर्व दोष आम्हांस मान्य आहेत. परंतु त्यांची जात पाहा. विलंब, चरा, गहाळपणा, यंत्रांतील अडथळा हे हातांचे दोष आहेत; ते निगेनें, शिस्तीनें किंवा थोड्या अधिक हशिलानें दूर होणारे आहेत. ‘अमर्याद’ शब्दाची लबाडी आणि खाजगी आवडीची वही हे दोष टपालाचे नव्हेत, कंपनीचे आहेत. आणि टपाल सुटलें म्हणून ते सुटले असें मुळींच नाहीं. तबकडी कोणास गेली एवढेंच पूर्वीं कळे. आतां कोणी कोणत्या क्षणीं चित्र थांबविलें, कोठें मागें नेलें आणि कितव्या मिनिटास कंटाळून सोडलें, हेंहि त्या वहींत नोंदविण्याची सोय झाली. म्हणजे ज्या दोषांबद्दल टपालास शिव्या द्यावयाच्या, त्यांतले खरे वाईट दोष माडीवर आधींच जाऊन बसले आहेत.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. एका कंपनीस लाखावर चित्रपट भाड्यानें देतां आले ते कोणाच्या कृपेनें? उत्तर असें कीं, कोणाच्याच कृपेनें नव्हे. अमेरिकेंत १९०८ सालीं एक खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आला. एका प्रकाशकानें आपल्या कादंबरीवर अशी सूचना छापली होती कीं, एक डॉलरपेक्षां कमी किंमतीस ती विकणें हा ग्रंथस्वामित्वाचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानानें ती ८९ सेंटांस विकली. न्यायालयानें निकाल दिला कीं, प्रत एकदां विकल्यावर पुढें ती कोणी कशी विकावी हें सांगण्याचा अधिकार प्रकाशकास ग्रंथस्वामित्वामुळें मिळत नाहीं. हेंच तत्त्व पुढें तेथील कायद्यांत आलें, आणि १९७६ च्या कायद्याच्या १०९ व्या कलमांत तें आजहि आहे. अर्थात् बाजारांत विकत घेतलेली तबकडी ज्याची त्याची. ती त्यानें ठेवावी, विकावी, उसनी द्यावी वा भाड्यानें द्यावी. निर्मात्याची मर्जी खप्पा झाली तरी दुकानांतून प्रत विकत आणून फळीवर ठेवण्यास कोणी आडवा येऊं शकत नव्हता. २०१० च्या जानेवारींत ‘वॉर्नर’ कंपनीनें नव्या चित्रपटांच्या तबकड्या विक्रीस आल्यापासून २८ दिवस भाड्यानें न देण्याचें मान्य करून घेतलें, तेंहि हुकूम सोडून नव्हे, तर सौदा करून. कायद्यानें ती बंदी घालतां आली असती तर सौद्याची गरजच काय होती?

स्ट्रीमिंगची गोष्ट याहून सर्वस्वीं निराळी. तेथें प्रत कोणी विकत घेत नाहीं व कोणी विकतहि नाहीं. तेथें सर्व कारभार परवानगीचा. परवानगी कांहीं वर्षांची, कांहीं देशांपुरती, आणि देणाराच्या मर्जीची. याच कंपनीनें २००८ सालीं ‘स्टार्झ’ या वाहिनीशीं करार करून डिस्ने व सोनी यांचे पुष्कळ चित्रपट आपल्या स्ट्रीमिंगमध्यें आणले. २०१२ च्या फेब्रुवारीअखेर तो करार सरला आणि ते चित्रपट वर्गणीदारांपुढून नाहींसे झाले. वर्गणी तीच, प्रेक्षक तोच, चित्रपटहि तेच. मधली परवानगी तेवढी संपली! तबकड्यांच्या फळीवर मात्र असल्या कराराचा दिवस उगवत वा मावळत नव्हता. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणें ज्यास म्हणतात तें हेंच. पाणी गार असेल, गोड असेल, हवें तेव्हां मिळतहि असेल. पण ओंजळ आवळली कीं तहान आपली आणि पाणी त्याचें.

यावर कोणी म्हणेल, “अहो, लोकांनींच तबकडी सोडली, तुम्ही कोण तिचा कैवार घेणार?” लोकांनीं ती हळूहळू सोडली हें खरें, परंतु ती सोडण्याची त्यांस फार घाई होती असें मात्र नाहीं. २०११ च्या जुलैंत कंपनीनें दोन्ही सोयींची ९.९९ डॉलरांची एकत्र वर्गणी मोडून प्रत्येकीस निराळे ७.९९ डॉलर लावले, आणि सप्टेंबरांत तर टपालाचा विभाग ‘क्विकस्टर’ या नांवानें अलग काढण्याचें जाहीर केलें. त्या तिमाहींत अमेरिकेंतील आठ लक्ष वर्गणीदार तिला सोडून गेले, आणि ऑक्टोबरांत ‘क्विकस्टर’चा बेत गुंडाळावा लागला. शिवाय, रोज संध्याकाळीं प्रत्येक घरानें जी सोय निवडली तिची बेरीज म्हणजे समाजानें विचारपूर्वक घेतलेला निर्णय नव्हे. वाचनालयांतील ज्या ग्रंथांस दहा वर्षांत एकहि वाचक मिळाला नाहीं ते रद्दींत घालावे, असा ठराव कोणतेंहि शहाणें व्यवस्थापक मंडळ करीत नाहीं. कारण अकराव्या वर्षीं येणारा एक वाचक हाच पुष्कळ वेळां वाचनालयाचें सार्थक करतो. व्यापाऱ्यास त्या वाचकासाठीं थांबणें परवडत नाहीं. म्हणूनच तबकड्यांचें तें अफाट भांडार एका व्यापाऱ्याच्या हातीं असणें, हाच त्या पद्धतीचा खरा व शेवटचा दोष होता. फायदा सरला, भांडार मिटलें. शेवटच्या तबकड्या परत करूं नका, तुम्हांसच ठेवा, असें कंपनीनें वर्गणीदारांस सांगितलें. यांत औदार्य असेल, पण फुटलेलें ग्रंथालय घरोघर वांटल्यानें तें ग्रंथालय राहत नाहीं.

हें सर्व अमेरिकेंतलें झालें. त्याचें आम्हां महाराष्ट्रीयांस काय, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. आमचें उत्तर असें कीं, आपल्याकडे ती शिडी कधीं नीट उभीच राहिली नाहीं, आणि माडी मात्र २०१६ च्या जानेवारींत थेट दारांत आली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं अशी दुरुस्ती झाली कीं, चित्रपटाची प्रत पूर्वीं विकली गेलेली असो वा नसो, ती विकण्याचा वा भाड्यानें देण्याचा हक्क स्वामित्वधारकाकडेच राहावा. चेन्नईंतील एक भांडार परदेशांत रीतसर विकत घेतलेल्या तबकड्या भाड्यानें देत असे. २००९ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें या कायद्याच्या आधारें त्याच्या विरुद्ध निकाल दिला. बेंगळुरूच्या ‘सेव्हन्टीएमएम’नें आणि २००८ सालीं रिलायन्सच्या ‘बिगफ्लिक्स’नें घरपोंच तबकड्यांचे प्रयोग केले, पण ते टिकले नाहींत. त्याचें सारें खापर आम्ही कायद्यावर फोडीत नाहीं. पदपथावरील चोरट्या तबकड्यांनीं धंदा बुडविला; आणि ‘मोझर बेअर’ कंपनी अस्सल डीव्हीडी ३४ रुपयांस विकूं लागल्यावर भाड्याचें आकर्षण तें काय उरणार? त्या स्वस्ताईमुळें एक गोष्ट मात्र चांगली झाली. हजारों मराठी घरांच्या कपाटांत जुन्या मराठी चित्रपटांच्या तबकड्या आजहि पडून आहेत. त्या वाजविण्याचें यंत्र बिघडलें, म्हणून रद्दीवाल्याची वाट पाहत आहेत.

वाचकहो, त्या रद्दींत घालण्यापूर्वीं थोडें थांबा. आपल्या चित्रपटांचा इतिहास हा हरवलेल्या वस्तूंच्या यादीनें भरलेला आहे. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट. त्याची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. २००३ च्या जानेवारींत पुण्यांत जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्यास आग लागली आणि अनेक मूळ रिळें जळून गेलीं. जी वस्तु एका ठिकाणीं व एकाच्या ताब्यांत असते ती एका ठिणगीनें वा एका सहीनें नाहींशी होते. जी हजार कपाटांत असते ती नाहींशी करणें काळासहि जड जातें. तबकडी मूळ रिळाची बरोबरी करीत नाहीं, आणि तीहि अमर नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ज्यास रीळ उरलें नाहीं त्यास तबकडी तरी असावी.

मग करावें काय? केवळ हळहळ करणें हा आमचा हेतु नव्हे. ज्या कायद्यास आम्हीं वर दोष दिला त्याच कायद्यांत २०१२ च्या दुरुस्तीनें एक खिडकी उघडली आहे, आणि तिच्याकडे आमच्या सुशिक्षित वर्गाचें लक्ष गेलेलें नाहीं. त्या दुरुस्तीनें भाड्यावरील बंधन ‘व्यापारी भाड्या’पुरतें ठेवलें, आणि नफ्यासाठीं न चालणाऱ्या ग्रंथालयानें वा शिक्षणसंस्थेनें रीतसर मिळविलेली चित्रपटाची प्रत नफ्याच्या हेतूशिवाय उसनी वा भाड्यानें दिली, तर तें व्यापारी भाडें नव्हे, असें स्पष्ट सांगितलें. म्हणजे जें व्यापाऱ्यास नाकारलें तें आमच्या वाचनालयांस दिलें आहे! पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ चें, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चें. गांवोगांव वाचनालयें काढण्याची हौस ज्या महाराष्ट्रास पिढ्यान्पिढ्या आहे त्यास ही खिडकी दिसूं नये, हें नवल आहे. अमेरिकेंतील सिअॅटल शहरांत ‘स्केअरक्रो व्हिडिओ’ नांवाचें १९८८ सालचें एक दुकान होतें. व्यापार म्हणून तें चालेना, तेव्हां २०१४ सालीं तें नफा न घेणारी संस्था झालें. त्याच्या संग्रहांत लाखाहून अधिक चित्रपट आहेत, आणि टपालानेंहि तें तबकड्या पाठवितें. लोकांच्या संस्थेस जें तेथें साधलें तें येथें साधूं नये, असें कोणतें कारण आहे?

प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयानें एक कपाट, एक यंत्र व एक वही एवढी तयारी करावी; सभासदांनीं आपल्या घरच्या अस्सल तबकड्या तेथें द्याव्यात; आणि दूरच्या सभासदांस त्या हशील घेऊन टपालानें पाठवाव्यात. यास लक्षावधींचें भांडवल लागत नाहीं, परदेशी कंपनीची परवानगी लागत नाहीं. लागते ती केवळ पुस्तकास जो मान आपण देतों तोच चित्रपटास देण्याची बुद्धि. स्ट्रीमिंग पाहूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीहि तें पाहतों. परंतु पाहुण्यानें यजमानाचें घर आपलें समजूं नये, आणि दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणारानें आपल्या अंगणांतली विहीर बुजवूं नये. अमेरिकेंत ती विहीर एका व्यापाऱ्याची होती, म्हणून ती त्यानें बुजविली. आपली विहीर अजून खणावयाची आहे. ती लोकांच्या मालकीची करणें तेवढें आपल्या हातीं आहे.